यंत्र कोणाची भाखा बोलते?

रायपूरच्या आमच्या घरी संगणक अडून बसला, की एक तरुण कारागीर येतो. जवळच्याच खेड्यातून तो रोज शहरात येतो. वयाच्या मानाने मी त्याचा 'कका' लागतो. कका म्हणजे काका. यंत्राचे पोट उघडून त्यातील धूळ झटकताना तो आपले मतही ऐकवतो. कोणती प्रणाली चांगली, कोणती सुस्त, कोणती फुकट आणि कोणती फुकट दिसूनही फुकट नसणारी, यांविषयीची त्याची मते ठाम आहेत. एकदा मी त्याला जुन्या तबकडीवर जपून ठेवलेला एक पडदा दाखवला. त्यावरच्या आज्ञा आणि सूचना इंग्रजीत नव्हत्या, हिंदीतही नव्हत्या. त्या छत्तीसगढीत होत्या. तो क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, "कका, मशीन घलो हमर भाखा बोलथे का?" यंत्रसुद्धा आपली भाषा बोलते का, असा त्याचा प्रश्न होता. त्याच्या स्वरात आनंद होता आणि थोडा अविश्वासही होता. आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला द्यावयाचे उत्तर आहे.

श्रोतेहो, संगणक सुरू होताच जी व्यवस्था प्रथम जागी होते, कळफलकावरची बोटे ओळखते, पडद्यावर खिडक्या मांडते आणि आपली कागदपत्रे सांभाळते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. घरात जसा कारभारी, तशी यंत्रात ही प्रणाली. गेली तीस-पस्तीस वर्षे आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत या कारभाऱ्याविषयी तीन मते सर्रास ऐकू येतात. पहिले असे की, विंडोज यंत्राबरोबर येतेच, मग दुसरी शोधायची कशाला? दुसरे असे की, लिनक्स ही अभियंत्यांची हौस आहे, संसारी माणसाचे ते काम नव्हे. तिसरे मत सर्वांत खोल रुजलेले आहे. संगणकाची भाषा इंग्रजीच; मातृभाषेतले शब्द तेथे हास्यास्पद वाटतात. ही मते उडवून लावण्याजोगी नाहीत. ती अनुभवातून आलेली आहेत. परंतु अनुभवालाही इतिहास असतो, आणि तो पाहिल्यावाचून मताची किंमत ठरत नाही.

या इतिहासाचा आरंभ मी यंत्रापासून न करता रायपूरपासून करतो. १७४१ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगढात उतरल्या. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. त्या काळापासून येथे मराठी कुटुंबे स्थिरावत गेली. रायपुरातील तात्यापारा, ब्राह्मणपारा या वस्त्यांत आजही मराठी कानी पडते, आणि १९३५ साली स्थापन झालेले येथील महाराष्ट्र मंडळ आजही नांदते आहे. या घरांची एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. देवघरात मराठी, कचेरीत हिंदी किंवा इंग्रजी, आणि अंगणात, बाजारात, शेतावर छत्तीसगढी. एकाच माणसाच्या तोंडी तीन भाषा आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. जागा ठरलेली असते तेव्हा भांडण होत नाही, हे खरे; परंतु ज्या भाषेला कचेरीत जागा नाही, तिच्या वाट्याला कागद येत नाही. आणि कागद नाही म्हणजे टिकाव नाही.

ही गोष्ट ज्यांच्या ध्यानी फार लवकर आली, त्यांत एक मराठी भाषक होते. माधवराव सप्रे यांचे नाव महाराष्ट्रात जितके ठाऊक असावे तितके नाही. हिंदी जगतात मात्र ते आदराने घेतले जाते. १८७१ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा या आडगावाहून 'छत्तीसगढ मित्र' नावाचे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात त्यांच्याबरोबर रामराव चिंचोलकर होते, आणि प्रकाशनाचा भार वामन बळिराम लाखे यांनी उचलला होता. म्हणजे तिघेही मराठी, आणि मासिक हिंदी! प्रदेशाची सेवा प्रदेशाच्या भाषेतून करावयाची, मग ती आपल्या घरातली भाषा असो वा नसो, हा विचार त्यामागे होता. पुढे सप्र्यांनी समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे आणि लाखे यांच्या नावाने एक वस्ती ओळखली जाते.

सप्र्यांच्या कार्यातला एक भाग आजच्या विषयाला विशेष जवळचा आहे. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदीत शास्त्रीय परिभाषा घडवण्याचा उद्योग हाती घेतला, तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम सप्र्यांनी केले. बाजारात रोज व्यवहार करणाऱ्या माणसाला स्वतःच्या व्यवहाराविषयी स्वतःच्या भाषेत विचार करता यावा, म्हणून शब्द जुळवायचे, असे ते काम होते. आपल्याला ही परंपरा अपरिचित नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश रचवून घेतला, तो याच हेतूने. सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' असे शब्द सुचवले, तेव्हा पुष्कळांना हसू आले; आज तेच शब्द हसणाऱ्यांची नातवंडे सहज वापरतात. नवा शब्द प्रथम विचित्र वाटतो, आणि पुष्कळदा ते वैचित्र्य केवळ अपरिचयाचे असते.

छत्तीसगढीलाही तिचे अभ्यासक लाभले होते. हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ साली तिचे व्याकरण लिहिले. जॉर्ज ग्रियर्सन यांनी ते इंग्रजीत आणले आणि १८९० साली ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या बोलीला शाळेत फळ्यावर जागा नव्हती, तिचे व्याकरण कलकत्त्याच्या विद्वत्सभेत जाऊन पोचले होते. परंतु विद्वानांनी दखल घेणे निराळे, आणि बोलणाऱ्याला तिचा रोजच्या साधनांत उपयोग होणे निराळे. या दोहोंमधले अंतर शतकाहून अधिक काळ तसेच राहिले.

आता यंत्राकडे वळू. घरगुती संगणकाचा प्रसार झाला तो १९८१ नंतर. तेव्हाची डॉस प्रणाली काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञांची वाट पाहत बसे. पुढे १९९५ च्या ऑगस्ट महिन्यात विंडोज ९५ आली. त्याच महिन्यात, १५ तारखेला, आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू झाली. चित्रांवर टिचकी मारून काम होऊ लागले. परंतु चित्राखालची अक्षरे इंग्रजीच राहिली. हे कोणाच्या दुष्टाव्यामुळे घडले असे मात्र नव्हे. ज्यांनी यंत्र घडवले त्यांनी ते आपल्या भाषेत घडवले. आपण ते घेतले आणि त्याची भाषाही त्याबरोबर घेतली.

भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे काहीच होत नव्हते, असे समजणे अन्यायाचे होईल. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या विषयावर काम झाले, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ते पुढे नेले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक ठरले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकाच संहितेत जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यात देवनागरीचा समावेश होता. तरीही पुढची बरीच वर्षे निरनिराळ्या टंकांचा बुजबुजाट राहिला. एका यंत्रावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडले, की निरर्थक खुणांचा सडा दिसे. ज्यांनी तो काळ अनुभवला आहे, त्यांना 'इंग्रजीच बरी' हे मत कोठून आले ते सांगावयास नको.

देवनागरीला जागा मिळाली म्हणजे मराठीला मिळालीच, असेही नाही. आचार्यांना बोलवा आणि आचाऱ्यांना बोलवा, या दोन निमंत्रणांत केवढा फरक आहे! पहिल्याने व्यासपीठाची सोय होते, दुसऱ्याने पंगतीची. हा फरक दाखवणारा आडवा, पापणीसारखा रकार हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. संहितेत त्याची नीट सोय लावावी लागली. 'ॲ' या अक्षराची कथा तशीच आहे. इंग्रजी शब्द लिहिताना मराठी माणूस अकारावर चंद्र देतो. हिंदीची रीत वेगळी. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. कोट्यवधी भाषकांच्या, दैनिके, विद्यापीठे आणि राज्यशासन लाभलेल्या मराठीला एका अक्षरासाठी इतकी वर्षे थांबावे लागले, तर जिला यांपैकी फारच थोडे लाभले होते त्या छत्तीसगढीची काय कथा?

येथे एक निराळा प्रवाह येऊन मिळतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक संकल्प जाहीर केला. कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी संपूर्ण कार्यप्रणाली रचावयाची. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक छोटी प्रणाली केवळ हौसेने रचत असल्याचे इतरांना कळवले. या दोन प्रयत्नांच्या संयोगातून आज ज्याला लोक लिनक्स म्हणतात ती प्रणाली उभी राहिली. तिच्यावरचा चित्रमय पडदा सजवण्यासाठी १९९६ साली केडीई आणि १९९७ साली ग्नोम हे उपक्रम निघाले. त्यांत काम करणारी माणसे देशोदेशी विखुरलेली होती. बहुतेकांनी एकमेकांची तोंडेही पाहिलेली नव्हती. पत्रव्यवहार संगणकावरून, वाद संगणकावरून आणि मैत्रीही संगणकावरूनच. आपल्या खेड्यांत एकाचे घर शाकारायला सारी आळी येते आणि मोबदल्यात फक्त भाकरीचा घास घेते. तसाच हा प्रकार होता. फक्त आळी पृथ्वीएवढी होती.

या व्यवस्थेचा भाषेशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. मालकीच्या प्रणालीत कोणती भाषा घालावयाची हे मालक ठरवतो. तो बाजार पाहतो, आणि व्यापाऱ्याने बाजार पाहू नये असे म्हणणे व्यर्थ आहे. मायक्रोसॉफ्टने पुढे हिंदी, मराठी, कोकणी यांसाठी भाषेचे वेष्टण उपलब्ध करून दिले, हे नमूद केले पाहिजे. छत्तीसगढीसाठी मात्र ते निघाले नाही. खुल्या प्रणालीत असा कोणी मालक नसतो ज्याच्या दारी अर्ज करावा. ज्याला करावेसे वाटते त्याने करावे. परवानगीची अडचण नसते. अडचण असते ती केवळ श्रमाची.

हे श्रम करणारे आपल्याकडे निघाले. २००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी इंडलिनक्स हा उपक्रम उभा केला, जी. करुणाकर यांनी त्याचे संयोजन केले. हिंदी भाषांतरात ज्यांनी सर्वांत मोठा वाटा उचलला, त्यांत रविशंकर श्रीवास्तव हे एक होते. रवि रतलामी या टोपणनावाने ते हिंदी वाचकांस परिचित झाले. मूळचे राजनांदगावचे, नोकरी मध्य प्रदेशच्या विद्युत मंडळात, आणि दीर्घ वास्तव्य रतलाम-भोपाळकडे. विजेच्या खात्यातला हा अभियंता फावल्या वेळी पडद्यावरचे हजारो इंग्रजी वाक्यांश हिंदीत आणत बसे. ते काम मार्गी लागल्यावर त्यांचे लक्ष स्वतःच्या मायबोलीकडे, छत्तीसगढीकडे वळले. दिल्लीच्या सराय या संस्थेच्या पाठ्यवृत्तीचा या कामाला आधार मिळाला.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते सांगितले पाहिजे. प्रणालीत जेवढी म्हणून वाक्ये पडद्यावर उमटतात, तेवढी एका यादीत काढलेली असतात. वर इंग्रजी ओळ, खाली रिकामी जागा. ती जागा भरत जायचे. 'उघडा', 'जतन करा', 'रद्द करा' अशा ओळी सोप्या. परंतु मधूनच असे वाक्य येते की, 'इतक्या फायली पुसल्या जातील, खात्री आहे का?' आता छत्तीसगढीत अनेकवचन 'मन' हा शब्द पुढे लावून होते. लइका म्हणजे मूल, आणि 'लइका मन' म्हणजे मुले. मग 'फाइल मन' म्हणावयाचे का? होकाराला हिंदी 'हाँ' ठेवायचा, की घरोघरचा 'हव'? नकाराला 'नहीं', की 'नइ'? बिलासपूरकडचे रूप घ्यावे, की रायपूरकडचे? ज्या भाषेचे लेखन अजून स्थिरावलेले नाही, तिच्यात असा प्रत्येक निर्णय भाषांतरकाराला एकट्याने घ्यावा लागतो. कोशकार, वैयाकरण आणि मुद्रितशोधक या तिघांचे काम एकाच टेबलावर येऊन पडते.

काळही अनुकूल होता. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून वेगळे होऊन छत्तीसगढ राज्य जन्मास आले होते आणि रायपूर त्याची राजधानी झाली होती. २८ नोव्हेंबर २००७ रोजी विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान देणारे विधेयक संमत केले. अशा वेळी छत्तीसगढी बोलणारी प्रणाली तयार झाली, आणि २००९ साली तिला दक्षिण आशियासाठी दिला जाणारा मंथन पुरस्कार मिळाला. केडीईच्या चौथ्या पिढीच्या काही आवृत्त्यांत जगातील इतर भाषांच्या पंक्तीला छत्तीसगढीही बसली. राजभाषेचा ठराव कागदावर होता. परंतु ही भाषा पडद्यावर आणून ठेवण्याचे काम झाले ते एका अभियंत्याच्या आणि त्याच्या थोड्या सोबत्यांच्या हौशी श्रमांतून.

येथे कथा संपली असती, तर ती गोड झाली असती. परंतु इतिहासकाराला गोड शेवटापाशी थांबण्याची सवलत नसते. कार्यप्रणाली म्हणजे एकदा बांधून पुरी होणारी इमारत नव्हे. दर काही महिन्यांनी तिची नवी आवृत्ती निघते. नव्या ओळी येतात, जुन्या बदलतात. दरवर्षी शाकारणी झाली नाही, तर घर गळू लागते. छत्तीसगढीच्या कामाला पुरेसे नवे हात मिळाले नाहीत. भाषांतर मागे पडले आणि पुढच्या काही वर्षांत केडीईच्या अधिकृत प्रकाशनांतून ती भाषा गळाली. मराठीचे तसे झाले नाही, याचे एक कारण उघड आहे. पुण्यात रेड हॅटसारख्या कंपनीत भाषांतराचे काम नोकरीचा भाग म्हणून करणारी माणसे होती आणि त्यांच्या जोडीला स्वयंसेवकही होते. हौस आरंभाला पुरते. सातत्याला पगार, शाळा किंवा संस्था लागते.

आता आरंभी सांगितलेल्या तीन मतांकडे पुन्हा पाहू. 'विंडोज यंत्राबरोबर येतेच' हे पहिले मत. ती येते, परंतु तिची किंमत बहुधा यंत्राच्या किमतीत मिसळलेली असते. शिवाय आपल्याकडे एके काळी नकललेल्या तबकड्यांचा सुळसुळाट होता, म्हणून ती फुकट वाटली. फुकटपणाचा भ्रम केव्हा फिटतो? मालक आधार काढून घेतो तेव्हा. २०१४ च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचा आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. चालते-बोलते यंत्र एका तारखेला म्हातारे ठरते. माझा कारागीर अशा म्हाताऱ्या यंत्रांवर लिनक्स चढवून ती शेजारच्या मुलांना देतो. त्याला स्टॉलमन कोण हे ठाऊक नाही. परंतु हत्यार ज्याच्या हाती त्याला ते दुरुस्त करता आले पाहिजे, हे तत्त्व तो जाणतो.

दुसरे मत, लिनक्स हे अभियंत्यांचे काम. एके काळी यात तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. छपाईयंत्र जोडायला दिवस जाई, ध्वनी ऐकू येण्यासाठी विनवण्या कराव्या लागत. परंतु केरळ राज्याने आपल्या शाळांतून हीच मुक्त प्रणाली मुलांच्या हाती दिली, आणि मुलांनी ती आत्मसात केली. अवघडपणा पुष्कळदा यंत्रात नसून सवयीत असतो. प्रथम ज्या घरात वाढलो, त्याचा जिना अंधारातही पायाला सापडतो. दुसऱ्याच्या घरचा उजेडातही ठेच देतो. म्हणून या विषयावरचे घरोघरचे वाद मला कधी निष्फळ वाटले नाहीत. माणसे प्रणालीविषयी बोलतात, परंतु सांगत असतात ती आपल्या पहिल्या घराची गोष्ट.

तिसरे मत सर्वांत विचारणीय. मातृभाषेतील आज्ञा परक्या वाटतात, असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो इंग्रजी यंत्रावर शिकलेला असतो. शिक्षकाने, पुस्तकाने, शेजाऱ्याने त्याला इंग्रजी शब्दच सांगितलेले असतात. 'सेव्ह' ओळखीचा आणि 'जतन' अनोळखी, असे झाले त्याला भाषेचा दोष कारण नाही. ओळखीचा क्रम कारण आहे. शिवाय भाषांतरेही नेहमी चांगली होती असे नाही. बोजड संस्कृत शब्दांनी नटलेला पडदा पाहून मराठी माणूसही दचकला, तर नवल कसले? छत्तीसगढीच्या प्रयत्नात मला मोल वाटते ते याचे की, त्या भाषेला मुळात फार उंचावर चढणेच शक्य नव्हते. तिच्यापाशी जे होते, ते अंगणातले होते. तेच तिने पडद्यावर ठेवले.

एकंदरीत हा प्रयत्न फसला म्हणावा काय? मला पुन्हा सप्रे आठवतात. 'छत्तीसगढ मित्र' डिसेंबर १९०२ मध्ये बंद पडले. अवघी तीन वर्षे. आर्थिक बाजू सावरली नाही. त्या वेळी रायपुरात कोणी हिशेब मांडला असता, तर मासिक बुडाले असेच लिहिले असते. परंतु आज त्या प्रदेशाच्या पत्रकारितेचा इतिहास तेथूनच सुरू करावा लागतो. त्याच पृष्ठांवर १९०१ साली छापलेली सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा हिंदीच्या आद्य कथांत गणली जाते. एक टोपलीभर माती! जमीनदाराने एका विधवेची झोपडी बळकावली. तिने तेथली टोपलीभर माती मागितली आणि ती टोपली उचलायला त्यालाच विनवले. त्याला ती उचलवली नाही. एका टोपलीचे ओझे पेलत नाही, मग साऱ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे पेलणार, असे तिने विचारले आणि त्याचे डोळे उघडले. ज्याची जमीन त्याला तिचे मोल, असा त्या कथेचा आशय आहे. भाषेलाही तो लागू पडतो.

छत्तीसगढीच्या या टोपलीतली माती वाहून गेलेली नाही. जगातील भाषांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत तिला 'एच-एन-ई' हे तीन अक्षरांचे चिन्ह आहे. लिनक्सच्या पायाभूत संचात त्या चिन्हाखाली तिच्या वारांची आणि महिन्यांची नावे नोंदलेली आहेत. २०२२ साली मेटा कंपनीच्या संशोधकांनी दोनशे भाषांमध्ये भाषांतर करणारी यंत्रप्रणाली खुली केली. त्या दोनशेत छत्तीसगढी आहे. यंत्राला भाषा शिकवावयाची तर लिहिलेला मजकूर लागतो, आणि ज्या भाषेत मजकूर थोडा, तिच्यात प्रत्येक ओळ मोलाची ठरते. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ६२ लाख लोकांनी आपली मातृभाषा छत्तीसगढी सांगितली. त्यांची गणना हिंदीच्या पोटात होते. परंतु पोटात असलेल्याला स्वतःचा आवाज नसतो, असे कोणी म्हणू नये.

आपण मराठी माणसांनी या कथेतून काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, आपल्या भाषेला यंत्रात जागा मिळाली ती आपोआप मिळालेली नाही. कोणीतरी रात्री जागून एकेक ओळ भरली आहे. ती जागा वापरली नाही, तर गळत जाते. दुसरी गोष्ट अशी की, ज्या प्रदेशात आपण राहतो, त्याच्या भाषेचे आपण देणे लागतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तीन मराठी माणसांनी ते हिंदीतून फेडले. आज रायपूर, बिलासपूर, दुर्गच्या मराठी घरांतून संगणक शिकलेली मुले निघत आहेत. त्यांतल्या दोघाचौघांनी छत्तीसगढीच्या रिकाम्या ओळी पुन्हा भरावयास घेतल्या, तर सप्र्यांच्या परंपरेला शोभेल असेच ते काम होईल. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. यादी उघडी आहे.

त्या तरुण कारागिराला मी त्या दिवशी इतके सगळे सांगितले नाही. यंत्र आपण होऊन कोणाचीच भाषा बोलत नाही, माणसे तिला शिकवतात, एवढेच म्हणालो. त्याने काम संपवले, मजुरी घेतली आणि जाता जाता ती तबकडी मागून नेली. आता पडद्यावरचा एखादा शब्द त्याला पटला नाही, की तो मला येऊन सांगतो, आमच्या गावी असे नाही म्हणत. ही तक्रार मला फार मोलाची वाटते. ज्या भाषेविषयी असे भांडायला माणूस तयार होतो, ती अजून त्याची आहे.